रबराचे बोंबील

कृणालच्या मुलीला पाळण्यात घालून झालं, कानात नाव सांगून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. पाव्हणे पानावरून उठून आपापल्या वाटेला लागले आणि मांडवात घरचीच माणसं उरली, तेव्हा हेमांगीने पुठ्ठ्याची लांब नळी आणून तिच्यातून गुंडाळलेला फोटो बाहेर काढला. कमळला खरं तर जरा अंग टाकायचं होतं. सकाळपासून ती चुलीशी उभी होती. पुतण्याच्या पोरीचं बारसं असलं की घरच्या थोरल्या सुनेला बसायची सोय नसते. पण लेक काहीतरी दाखवतेय म्हटल्यावर ती पदराला हात पुसत ओटीवर आली. लेकीचा अभिमान लपवण्याच्या भानगडीत कमळ कधी पडली नव्हती. मढच्या त्यांच्या आळीत काळा कोट घालणारी पहिली पोर आपल्या पोटची, हे ती बाजारात पापलेटाचा भाव करणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा सांगून मोकळी होई, आणि मग भावही कमी करत नसे.

"कोर्टातले साहेब म्हणाले, झेरॉक्समध्ये नुसता काळोख दिसतो, मोठी स्वच्छ प्रत आणा," हेमांगी म्हणाली. "उद्या तारखेला ही देणार. बघ ना आई, आये कशी उभी आहे."

फोटोत शकु उभी होती. हेमांगीची आजी, कमळची सासू. घरातल्या सगळ्यांचीच आये. कासोटा मारलेलं हिरवं लुगडं, कपाळावर आडवी चिरी, एक हात बांबूवर. मागे बोंबलांच्या वलांडी, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोऱ्या, रांगेमागे रांग, थेट समुद्रापर्यंत. भिंतीवर चंदनाचा हार घातलेली जी तसबीर होती तीही याच फोटोतली. सासू गेली तेव्हा दुसरा बरा फोटो मिळेना म्हणून यातला फक्त चेहरा कापून मोठा करून घेतला होता. अख्खा फोटो इतकी वर्षं कमळच्या धाकट्या दिराच्या, चंदरच्या ट्रंकेत पडून होता. दावा लावायची वेळ आली तेव्हा त्यानेच तो शोधून आणून दिला.

दावा होता खळ्याचा. घरामागची ही मोकळी जमीन, जिथे या घरच्या आणि शेजारच्या चार घरच्या बाया मासळी सुकवत आल्या. कागदावर ती कुणाच्याच नावाने धड नव्हती, आणि तशी ती असायला हवी असं आजवर कुणाला वाटलंही नव्हतं. मग कुंपणापलीकडचा शूटिंगचा बंगला श्यामसुंदर शेठ म्हणून कुणी विकत घेतला. खळं माझ्याच प्लॉटात येतं म्हणाला, आणि नटनट्यांच्या गाड्या उभ्या करायला लोखंडी खांब रोवून गेला. कमळने दावा लावला. वकील हेमांगी. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि खांबांचं काम थांबलं. तो हुकूम मिळाला तो मुख्यतः या फोटोवर. हुकूम पुढे चालू ठेवायचा की उठवायचा, याचा निकाल उद्या दिंडोशीच्या कोर्टात व्हायचा होता. उठला तर बोंबील टांगायचे कुठे, या प्रश्नाला कमळजवळ उत्तर नव्हतं. ओली मासळी त्या दिवशीच विकावी लागते, मिळेल त्या भावाने. सुकी वर्षभर पुरते. नवरा सीताराम गेल्यानंतर तिने पोरगी शिकवली ती सुक्यावर.

नलिनी, कमळची नणंद, वर्सोव्याहून तरीने आली होती. ती पानसुपारी तोंडात टाकत फोटोवर वाकली आणि हसत सुटली.

"अगो बाय. ह्ये तर शूटिंगचे बोंबील."

"कसले?" हेमांगीने विचारलं.

"रबराचे गो. तू जल्मलीस त्या वक्ताला इथं पिच्चरचं शूटिंग व्हतं. गोरेगावच्या स्टुडिओतून टेम्पो भरून आणले व्हते. पयल्या दिशी आमचे खरेच टांगले व्हते, तर हिरोयनीला वासानं उलटीच झाली. मंग त्यांनी रबराचे बनवून आणले. आमी सगल्या बाया गर्दीत उभ्या. मना तर पैली रांग मिळाली व्हती." आणि फोटोच्या कडेला, जिथे एक हिरवा पदर अर्धाच दिसत होता, तिथे तिने बोट ठेवलं. "ही मी."

कुणी हसलं नाही हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

हेमांगी गुडघ्यांवर बसून फोटोत डोकं घालून बघत होती. कमळही वाकली. आणि मग दोघींना एकदमच दिसलं. बोंबील शेपटीने टांगले होते. एकेक, सुटे, दोऱ्याने बांधून, तोंड खाली. बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकायची असते. दोरा लागत नाही, गाठ लागत नाही. या आळीतल्या पोरीला वेणी घालायच्या आधी ते येतं. रोज ज्या बाईच्या तसबिरीवरची धूळ कमळ पुसत होती, तिच्या मागे असा गाढवपणा टांगलेला होता आणि तो कापून टाकला होता म्हणून कुणाला दिसला नव्हता.

हेमांगीलाही दावा लावताना दिसला नाही. तिने फोटोत फक्त आजी बघितली असणार, कमळला वाटलं. लेकीच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं होतं.

"आई, तुला माहीत नव्हतं?"

"मना कसं असंल? तुझ्या येळेला मी दोन म्हयने माहेरी व्हते. आली तवा खळं खळ्यासारखंच व्हतं."

"काका?"

चंदर मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. हा कृणालचा बाप, आज नातीच्या बारशाला कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या, आधी एक, मग दुसरी. कमळ त्याला लग्न होऊन आल्यापासून ओळखत होती. तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि खोटं बोलताना असंच काहीतरी हाताने करत बसे.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," हेमांगी म्हणाली.

"माहीत म्हंजे काय? आये आपली हाय का नाय? जागा आपली हाय का नाय? तिथं बोंबील सुकवतात का नाय?" चंदर बोलायला लागला की एकदम बोले. "मंग त्या एका फोटोत रबराचे असले म्हणून काय बिघडलं? फोटोला कोण हात लावून बघणार हाय?"

"काका, मी तो कोर्टात खरा म्हणून दिलाय."

"तुना कुठं ठाव व्हतं? तुझ्यावर काय येत नाय."

"काल माहीत नव्हतं. आता आहे."

बाहेर बंगल्यावर शूटिंग चालू होतं. जनरेटरचा आवाज आणि मधूनच कुणीतरी भोंग्यावर 'सायलेन्स' ओरडायचा. तेवढ्यापुरते सगळे खरोखरच गप्प व्हायचे, इतकी त्या आवाजाची सवय झाली होती.

हेमांगीने एकच प्रश्न विचारला. "शूटिंगला जागा कुणी दिली? पैसे घेऊन, लिहून, तोंडी, कसंही. परवानगी कुणाकडे मागितली होती त्यांनी?"

नलिनीने आता तोंड बंद ठेवायचं ठरवलं असावं. ती पाळण्याकडे बघायला लागली. उत्तर चंदरलाच द्यावं लागलं.

"बंगल्याच्या तवाच्या मालकाकडं."

"खळ्याचीसुद्धा?"

"खळ्याचीपण. त्याने सांगितलं, माझंच हाय. आमी कशाला भांडतोय? सगल्या बायांना रोजावर घेतलं, जेवण दिलं. चार दिवसांची गंमत."

म्हणजे समोरच्या माणसाला जे हवं होतं नेमकं तेच. कमळला कायदा कळत नव्हता, पण हे कळायला वकील असायची गरज नव्हती. जागा कुणाची म्हणून कुणी विचारत आलं तेव्हा ते कुंपणापलीकडे विचारायला गेले होते, आणि आपली माणसं रांगेत उभी राहून त्यांचं जेवण जेवली होती.

"हे बाहेर पडलं तर गेली जागा," कृणाल म्हणाला. आतापर्यंत तो पोरीला घेऊन येरझारा घालत होता. "हेमाताई, तू गप राहा ना यार. त्यांना माहीत असतं तर त्यांनी आतापर्यंत बोंब मारली नसती? तो शेठ काल आलाय. त्याला काय माहीत तीस वर्षांपूर्वी इथे काय झालं ते."

"त्यांना माहीत नाही हे मला कळतंय रे."

"मग?"

"मग मला माहीत आहे."

कृणालने आपल्या बापाकडे बघितलं, मग कमळकडे. "काकी, दावा तुझ्या नावावर आहे. बोरिवलीला एक वकील आहे, माझ्या लोकेशनवाल्या मित्राचं काम त्यानेच केलं. तो असलं काही विचारत पण नाही. उद्या सकाळी त्याला उभा करू. हिला टेन्शन नको, आपल्याला पण नको."

एरवी चंदरचं आणि त्याच्या पोराचं एका गोष्टीवर जमत नसे. कृणालने होडी सोडून शूटिंगवाल्यांना जागा दाखवायचा धंदा धरला, तेव्हापासून बापलेक एकमेकांशी सुनेमार्फत बोलत. आज दोघे एका बाजूला उभे होते आणि चंदर मान हलवत होता. नलिनीही सरकत त्यांच्याकडे गेली. "मी काय कोर्टात येऊन सांगणार नाय हां," ती म्हणाली. "माज्या तोंडातून गेलं, पण मी काय बघितलं नाय."

"सगळे जरा बाहेर बसा," हेमांगी म्हणाली. "मला आईशी बोलायचंय. एकटीशी."

"आमी परके काय गो?" चंदरचा आवाज चढला. "फोटो आमी दिला. आये आमची. तुझ्या बापानंतर तुमा दोघींना समुद्राकडं बघायला लागलं नाय, ते कोणामुळं?"

हे खरं होतं. सीताराम गेला त्या वर्षी चंदरने आपल्या जाळ्यातली मासळी आधी वहिनीच्या टोपलीत टाकली, मग बाजारात. त्याने ते आजवर बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवलं, तेव्हा कमळला लाजही वाटली आणि रागही आला.

"परके नाही काका. पण दावा आईचा आहे. ती वकिलाशी काय बोलते ते तिचं आणि वकिलाचं. तुमच्यासमोर बोलले तर उद्या कोर्टात ते तुम्हालाही विचारतील."

ती कमळला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. असं दार लोटून घेण्याची या घरात पद्धत नव्हती. भांड्यांचा ढीग पडला होता, कालवणाचं पातेलं तळाला लागलं होतं. कमळ पाटावर बसली. हेमांगी समोर ओट्याला टेकून उभी राहिली, आणि कमळला पहिल्यांदाच आपली लेक कोर्टातल्यासारखी दिसली.

"आई, आता मी तुझी मुलगी म्हणून बोलत नाही."

"मंग कोण म्हणून? शेजारीण?"

"वकील म्हणून. नीट ऐक. तो फोटो मी उद्या परत घेणार. घ्यायलाच हवा. कोर्टाने तो बघून हुकूम दिलाय. आता मी त्याच्यावर बोट ठेवून बोलले, किंवा नुसती गप्प राहिले आणि त्या हुकमावर जेवत बसले, तरी तो मी केलेला खोटेपणा. तुझा नाही, काकांचा नाही. माझा."

"आणि दुसरं? बंगल्यावाल्याने परवानगी दिल्याचं?"

"दाव्यात आपण लिहिलंय की त्या जागेवर मासळी सुकवण्याशिवाय कधी काहीच झालं नाही. ते तू शपथेवर लिहिलंयस. मी लिहून दिलं, तू सही केलीस. ते बदलावं लागेल. शूटिंग झालं एवढं तरी सांगावं लागेल. मग ते विचारणारच, परवानगी कुणाची. विचारलं की खरं सांगावं लागेल."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर हे सगळं माझ्या पोटात राहील. तू नको म्हणत असताना मी कोर्टात एक शब्द सांगू शकत नाही. पण तुझी केसही चालवू शकत नाही. वकीलपत्र परत करीन. का, ते कुणालाही सांगणार नाही. कृणालचा तो वकील घे, नाहीतर दुसरा."

"म्हंजे मना मध्येच सोडून जाशील."

"केस सोडीन."

"माझ्यासाठी तेच." कमळ म्हणाली. "रोज सकाली टोपली उचलून तुना शिकवलं ते काय माझ्याच अंगावर कायदा सांगायला? लोक तर पैसे घेऊन खोट्याचं खरं करतात. आपलं तर खरंच हाय गो. जागा आपलीच हाय. एका फोटोसाठी तू खळं घालवशील."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिने हात वर केला नाही. "मला माहीत आहे जागा आपली आहे. म्हणूनच मला ती रबराच्या बोंबलांवर नको. उद्या ते कधी बाहेर आलं तर आपली खरी गोष्टही कुणी ऐकणार नाही. आणि नाही आलं बाहेर, तरी." ती थांबली. "त्या कोर्टात मी रोज उभी राहते आई. मी बोलते ते साहेब ऐकतात, कारण त्यांना वाटतं ही खरं बोलते. माझ्याकडे दुसरं काही नाही. ते एकदा वापरून टाकलं की संपलं."

एवढं बोलून ती दार उघडून बाहेर गेली. तुझं काय ते सांग, असंसुद्धा म्हणाली नाही.

कमळने पातेलं ओढून घासायला घेतलं. राग आला की ती भांडी घासे. हे घर मोठं असल्याने भांड्यांची कधी टंचाई पडली नव्हती. चंदरचं म्हणणं तिला पटत होतं. तेच तर वाईट होतं. जागा आपली, आये आपली, बोंबील आपणच सुकवतो. मग एवढं रान उठवण्यासारखं काय झालं? बोरिवलीचा वकील उभा करावा, हुकूम टिकवावा, आणि लेकीला सांगावं की बाई, तुझा हात यात नाही. लेकीचं नाव स्वच्छ, खळंही शाबूत. हे इतकं सरळ होतं की तिने जवळजवळ ठरवूनच टाकलं.

नलिनी आत आली आणि न बोलता तिच्याशेजारी बसून ताटं विसळायला लागली. तिला आपण केलेल्या घोटाळ्याचं वाईट वाटत असावं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आयेला पण त्या शूटिंगवाल्यांनी हाकलली व्हती, माहीत हाय?"

"का?"

"ती त्यांचे बोंबील नीट करत बसली. आमाला सांगितलेलं, नुसतं उभं राहायचं, हात लावायचा नाय. ही बसली त्यांच्या सायबाशी भांडत. बोलली, असे कोण टांगतो, शेपटीनं? तो बोलला, आजी, कॅमेऱ्यात समजत नाय. ही बोलली, मना समजतंय ना. मंग तो गेला की दोरा तोडायची आणि जबड्यात जबडा घालून टांगायची. रबराचा जबडा, तो काय धड अडकतोय? तरी बसली करत. मंग त्याने हिला गर्दीतून काढून कडेला उभी केली आणि तिथंच कोणीतरी फोटो काढला." नलिनी हसली, पण आता तिचं हसणं वेगळं होतं. "आमी जेवाय बसलो तरी ही तिथंच. मी बोलली, आये, रबराचे हायत गो. बोलली, खळं तर आपलं हाय."

कमळने हात धुतले. ओटीवर कुणी नव्हतं. माणसं मांडवात बसून दबक्या आवाजात बोलत होती. फोटो तिथेच पसरलेला होता, एका कडेला घुगऱ्यांची परात ठेवून दाबलेला. ती खाली बसली आणि सासूच्या चेहऱ्यावरून नजर काढून तिच्या हाताकडे नेली. बांबूवरच्या हाताशेजारी, दोरीवर, एक जोडी होती. एकच. बाकी सगळे तोंड खाली करून लोंबकळत होते आणि ही जोडी जबड्यात जबडा घालून, दोरीच्या दोन बाजूंना, जशी असायला हवी तशी.

सासूशी कमळचं कधी फारसं पटलं नाही. बोंबलाची एक जोडी वाकडी लागली तर अख्खी दोरी उतरवून पुन्हा लावायला लावणारी बाई. पहिल्या वर्षी कमळ त्या खळ्यात उभी राहून रडली होती. वारा काय जोडी बघून सुकवतो का, असं तिने एकदा तोंडावर विचारलंही होतं. सासूने दोरी पुन्हा तिच्या हातात दिली. आज तिला त्या बाईची अशी आठवण आली की तिने पदर तोंडाला लावला.

मग ती उठून मांडवात गेली.

"हेमा," ती म्हणाली, "उद्या फोटो परत घे. आणि बाकीचंपण सांग. विचारलं तर मी सांगेन."

चंदर खुर्चीवरून उठला. "वयनी, इचार कर. जागा गेली तर तुजी एकटीची नाय जाणार. चार घरं हायत."

"ठाव हाय मना भावजी. चारी घरांत मीच जाऊन सांगणार हाय, आताच."

"मंग मी उद्या येणार नाय."

"नको येऊस," कमळ म्हणाली. आणि खरंच तशीच चपला घालून शेजारच्या घरांकडे निघाली. त्या घरांत तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिने नंतर कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पुकारा झाला तेव्हा कमळ मागच्या बाकावर बसली होती. हेमांगी उभी राहिली. दाव्यासोबत दिलेला फोटो आम्ही मागे घेतो, ती म्हणाली. तो चित्रपटाच्या शूटिंगचा आहे हे आम्हाला काल समजलं, त्यातली मासळी खरी नाही, आणि जागेवर दुसरं काही झालं नाही हे आमच्या दाव्यातलं वाक्य चुकीचं आहे, ते आम्ही दुरुस्त करतो. समोरच्या वकिलाला पहिल्यांदा आपण काय ऐकलं तेच समजेना. समजलं तसा तो ताडकन उठला. त्याने नेमकं तेच विचारलं. शूटिंगला परवानगी कुणी दिली?

हेमांगीने मागे वळून आईकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. "वादी बाई हजर आहेत का? पुढे या. तुम्हाला माहीत आहे?"

कमळ पुढे गेली. बोलायचं काय ते रात्री घोकलं होतं, ते सगळं विसरली. "बंगल्याच्या तवाच्या मालकाने दिली. आमाला कोणी विचारलं नाय, आमीपण भांडलो नाय."

समोरचा वकील हसला. तो हसला हे कमळला दिसलं आणि खळं हातातून सुटल्यासारखं तिला वाटलं.

"शूटिंग संपल्यावर?" साहेबांनी विचारलं. "मग जागेचं काय झालं?"

"काय व्हायचंय? त्यांचे रबराचे बोंबील ते घेऊन गेले. आमी आमचे टांगले. त्या मालकाने आमाला कवा हटकलं नाय. त्याच्या घरी सुकट आमच्याकडूनच जायची."

साहेबांनी बराच वेळ फोटो बघितला. मग हुकूम सांगितला. कोर्टाचा माणूस जागेवर येऊन पाहणी करील, शेजारच्या घरांशी बोलेल. तोवर खांबांचं काम बंदच. त्यानंतर हुकूम ठेवायचा की उठवायचा ते नव्याने ठरेल. चुकीचं वाक्य लिहिल्याबद्दल त्यांनी हेमांगीला दोन कडक शब्द सुनावले, आणि तिने ते मान खाली घालून ऐकले. जिंकलं असं काही झालं नव्हतं. दार फक्त पूर्ण बंद झालं नव्हतं.

"फोटो परत मिळंल?" कमळने विचारलं.

"ही मोठी प्रत न्या," साहेब म्हणाले. "ती आमच्या कामाची नाही."

रिक्षा मालाड सोडून मढच्या रस्त्याला लागली. नळी कमळच्या मांडीवर होती. अक्सा मागे पडलं तेव्हा हेमांगीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहानपणी झोपायची तशी झोपून गेली.

घरी आल्यावर कमळने स्टूल घेतलं, भिंतीवरची तसबीर काढली, आणि तिच्या जागी तो अख्खा फोटो चार खिळ्यांवर लावला. हार त्याला पुरेना. तो तिने एका कोपऱ्याला अडकवला. चंदर संध्याकाळी आला. तो दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता आणि आताही बोलायला आलेला दिसत नव्हता. पण भिंतीकडे बघून तो थांबला.

"ह्ये आता रोज बघायचं?"

"बघायचं. कोर्टाचा माणूस येईल, तो पण बघील."

चंदर जवळ गेला. चष्मा नव्हता म्हणून अगदी नाक लावून त्याने तो फोटो बघितला, शेपटीने टांगलेल्या रांगांवरून बोट फिरवत. बोट आयेच्या हाताशी येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. त्याला दिसेपर्यंत कमळ स्टूल धरून उभी राहिली.

"ही हिने लावली," चंदर म्हणाला.

"हो."

मग त्याने खाली वाकून दाराशी ठेवलेली ओल्या बोंबलांची पाटी उचलली, जी सकाळपासून बर्फात तशीच पडली होती, आणि खळ्याकडे चालू लागला. "चल," तो मागे न बघता म्हणाला. "अंधार व्हायच्या आत टांगून टाकू. तो माणूस कवा येईल काय सांगता येत नाय."